राजदीपचा अंगठा

भिलाई
३ डिसेंबर

प्रिय राजदीप,
जय भीम.

आठ महिने झाले, तुला एक ओळही लिहिली नाही. माफ कर. लिहायला बसले नाही असं नाही. दोनदा बसले आणि दोन्ही वेळा पत्रात माझीच बाजू मांडत गेले, म्हणून फाडून टाकलं.

फोन केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. आणि खरं सांगायचं तर मलाही आता फोनवर बोलायची भीती वाटते. घरच्या ग्रुपवर मी एकदा आवाज रेकॉर्ड करून सहज म्हटलं, तुमच्या पक्षाचे सुखराम भैया आधी गर्दी मोजतात आणि मग गळा काढतात. दोन दिवसांत माझा आवाज पावर हाउस चौकातल्या पानठेल्यावर वाजत होता. तो तिथवर कोणी पोचवला ते मला अजून माहीत नाही. तुला माझा राग आला, मला तुझा संशय आला, आणि मेमध्ये बुद्ध जयंतीला विहारात आपण एकमेकांकडे न बघता खीर खाल्ली. कागद निदान एका वेळी एकाच्याच हातात असतो.

आता कामाचं. ऑक्टोबरपासून मी पावर हाउसजवळच्या सामुदायिक भवनात बसते. बालकवच कार्डाचं, म्हणजे मुलांच्या मोफत उपचारांच्या सरकारी कार्डाचं, शिबिर आहे, मी कंत्राटी ऑपरेटर. काल शेवंताकाकू मोनाला घेऊन आल्या. भवनाला आठ पायऱ्या आहेत. मोना पाचव्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आजी, थोडं थांब ना, मेरे को सांस लेने दे." सहा वर्षांची तुझी मुलगी. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे झाले होते. काकूंच्या पिशवीत शाळेच्या तपासणीची चिठ्ठी होती, मग मोठ्या डॉक्टरांची. हृदयात छिद्र आहे, रायपूरला ऑपरेशन करावं लागेल, फार दिवस थांबू नका. तुला हे सगळं माहीत आहे. मला माहीत नव्हतं, आणि कोणी सांगितलं नाही याचं वाईट वाटण्याचा हक्क मला आहे का, हेही मला ठरवता येत नाही.

मागच्या सरकारच्या कार्डात मोना बसत नव्हती, कारण तुमचं राशन कार्ड सामान्य, गरिबीचं नाही. गुलाबकाका स्टील प्लांटमध्ये पर्मनंट होते तेव्हाचं ते. प्लांटच्या दवाखान्यातल्या काकांच्या मेडिकल बुकावर तू वाढलास. तू खदानीत ठेकेदारीवर, म्हणून तुझी मुलगी कोणत्याच बुकात नाही. आता नियम बदलला आहे. चौदा वर्षांखालचं प्रत्येक मूल, बापाचं कार्ड कोणतंही असो. बॅनरवर कोणाचा फोटो आहे ते बघू नकोस. तुमचं राज्य होतं तेव्हा तुमचा फोटो होता.

फॉर्म मी कालच भरून ठेवला. काकूंनी तुझा नंबर दिला आणि तुझ्याकडून ओटीपीचे आकडे विचारून घेतले. समोर मी बसले आहे हे त्यांनी तुला सांगितलं नव्हतं, ते मला नंतर कळलं. तेव्हाच थांबायला हवं होतं का? मी थांबले नाही.

आता फक्त आई किंवा बापाचा अंगठा राहिला आहे, आणि तो तुझाच लागेल. खुशबूचं आधार अजून तुमसरचं, माहेरच्या नावाचं. मशीन ते घेत नाही. आचारसंहिता कधीही लागेल. लागली की निवडणूक होईपर्यंत मशीन बंद. एक दिवस सुट्टी टाक आणि ये.

तुझी,
प्रेरणाताई


नंदिनी नगर
९ डिसेंबर

प्रेरणाताई,
जय भीम.

माझी मराठी बोलायची आहे, लिहायची नाही. शाळा हिंदीत झाली. चुकलं तर हसू नको. हसशीलच म्हना.

तू लिहिलं फॉर्म दोन तारखेले भरला. आता मी सांगतो दोन तारखेले काय झालं. दुपारी आईचा फोन आला, कार्डाचं आहे, आकडे सांग. मी क्रशरवर उभा, कान फाटून राहिले, सांगून देल्ले. संध्याकाळी मेसेज आला. "राजदीप जी, हमारे परिवार में आपका स्वागत है." आन खाली मेंबरचा नंबर. कोनाचं परिवार? त्याहीचं! तुमच्या बॅनरवाल्याहीचं! मी दहा सालापासून इकडचा बूथ एजंट आहो, ताई. तिकडच्या पार्टीचा मेंबर झालो आन मलेच माहीत नाही.

मी कोनाले सांगतलं नव्हतं. पन त्याहीनं लिस्ट छापली. सहा तारखेले विहारात बाबासाहेबाले वंदन करून बाहेर निघलो तं सुखराम भैया चप्पल घालून राहिले होते. माझ्याकडे पाहून म्हनतात, "का राजदीप, बरात कब निकलही? दूल्हा तो उधर के हो गे." सगळे हसले. सहा डिसेंबरले, ताई. त्या दिवशी कोनी जोरात बोलत बी नाही, आन हे माह्यावर हसून राहिले होते.

आता बूथची यादी माह्याकडून वापस घेतली. ऑफिसात गेलो की लोक बोलनं बंद करतात.

मले एक सांग. आठ महिने तू मले इचारलं नाही मरतो का जगतो. आन अचानक कार्ड कावून एवढं लवकर बनवून राहिली? एका शिबिरात किती मेंबर करायचे, असं काही टार्गेट देल्लं का तुले?

मी थान्यात रिपोर्ट देल्ली आहे का माह्या नंबरचा गलत इस्तेमाल झाला. मी अंगठा देत नाही. आज अंगठा देल्ला तं उद्या त्या अंगठ्यावर काय छापतील?

मोना ठीक आहे. खेळून राहिली.

राजदीप


भिलाई
१३ डिसेंबर

प्रिय राजदीप,
जय भीम.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. हसले नाही.

टार्गेट नव्हतं. मी कोणत्याच पक्षाची नाही. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता ते म्हणताना मला माझाच आवाज खोटा वाटतो. पण ते खरं आहे. मी तुझा नंबर कोणाला दिला नाही.

शिबिरात आमच्याशिवाय कमलिनीबाई असतात. त्या वॉर्डातल्या, सत्ताधारी पक्षाच्या महिला आघाडीच्या. पाणी ठेवणं, रांग लावणं, रडणाऱ्या मुलांना बिस्कीट देणं, हे त्यांचं काम. पगार नाही, पण रोज येतात. मी त्यांना तुझ्या मेसेजचं विचारलं. त्या म्हणाल्या, "दीदी, सरकार अपनी, कार्ड अपना, तो नंबर किसका?" आणि बिस्किटाचा पुडा माझ्यापुढे केला. मी घेतलं नाही. यापुढे मी त्यांच्याबद्दल काही सिद्ध करू शकत नाही, म्हणून काही लिहीत नाही.

मात्र जिथे असं होतं तिथे मला बसायचं नाही. मी राजीनामा लिहून दिला आहे, काल. त्यांनी सही करून घेतला. आता त्या लोकांशी माझं काही राहिलं नाही, आणि तुझ्या मनातही काही राहू नये एवढंच वाटतं.

माझ्या जागी साक्षी नावाची मुलगी आली आहे. मोनाचा फॉर्म मशीनमध्ये तसाच आहे. अंगठा तिच्यासमोर दे, मी तिथे नसेन.

मोना खेळते आहे असं लिहिलंस. काकूंनी मला तसं सांगितलं नाही.

तुझी,
प्रेरणाताई


नंदिनी नगर
१८ डिसेंबर

प्रेरणाताई,

तुझी चिठ्ठी फुटलेली आली. गोंद दुसरा लावला आहे, पिवळा पडला. कोन वाचून राहिलं आपल्या चिठ्ठ्या? तुमच्या तिकडून फोडली का माह्या इकडून?

वाचून मी भिंतीले डोकं टेकून बसलो. खुशबू म्हने काय झालं. मी म्हनलं ताईनं राजीनामा करून टाकला.

माह्या बापाची पुतनी तू. मी रिपोर्ट देल्ली थान्यात. माह्या नावानं. इज्जत माही गेली. आन तू मले न विचारता त्याहीच्या संग राजीनामा करून मोकळी? वर लिहिते का त्याहीनं सही बी करून घेतला! आता थान्यातला मुंशी म्हनेन, तुमची बहीन लिहून गेली, दोनो पक्षात राजी-खुशी झाली, मामला खतम. कोनी हक्क देल्ला तुले? मी नाबालिग आहो का? तुले त्या भवनाची नौकरी वाचवायची होती तं सरळ सांगायचं होतं.

आन पुढं लिहिते का "त्या लोकांशी माझं काही राहिलं नाही." हाव ना. राजीनामा झाल्यावर काय राहते?

सुखराम भैयाले सांगतलं. ते म्हनतात, अजून बी वेळ गेली नाही. तुही ताई कागदावर लिहून देईन का शिबिरातून नंबर कोनी उचलले, तं राजीनामा रद्द होऊ शकते, आन पूरं शिबिर आपन बंद पाडतो, पत्रकाराईले बलावतो, निवडनुकीच्या आधी. माही बूथची यादी बी वापस मिळते.

तं लिहून दे. कोनी, कवा, कसं. तवाच मी अंगठ्याचं पाहीन.

राजदीप


नंदिनी नगर
२० डिसेंबर

ताई को जय भीम.

मी खुशबू. हे ड्युटीवर गेले तेव्हा लिहून राहिली. यांना सांगू नका.

तुमची चिठ्ठी मीच उघडली होती. पोस्टमनने माझ्या हाती दिली आणि मला वाटलं त्यात मोनाच्या कार्डाचं काही असेल. हे वाचून फाडून टाकतील याची भीती होती. गोंद मोनाच्या दप्तरातला.

काल मोना प्रार्थनेत पडली. मॅडम म्हणाल्या उभ्या-उभ्याच खाली आली. तिला घरी आणलं तर म्हणते, "मम्मी, मैं नाटक नहीं कर रही थी." म्हणजे शाळेत कोणीतरी नाटक म्हटलं असेल. हे रात्रभर तिच्या पायाशी बसले. पण सकाळी सुखराम भैया आले, चहा प्याले, आणि हे परत तेच. कागद, कागद.

माझा अंगठा चालला असता तर मी कोणाला विचारलं नसतं. सात साल झाले, हे म्हणतात तुझं आधार बदलवून देऊ. बूथमधल्या चारशे लोकांचे कागद बनवले यांनी. माझाच राहिला.

तुम्ही तो राजीनामा का केला ते मला समजलं नाही. पण जे लिहायचं ते लवकर लिहा.

खुशबू


भिलाई
२३ डिसेंबर

प्रिय राजदीप,
जय भीम.

आधी एका शब्दाबद्दल. तुझं पत्र वाचताना मी सुरुवातीला चिडले, मग मला काही कळेना, आणि मग एकदम कळलं. हसू आलं, आणि लगेच हसू आल्याची लाज वाटली.

राजदीप, राजीनामा म्हणजे मी नोकरी सोडली. इस्तीफा. मराठीत इस्तीफ्याला राजीनामा म्हणतात. आपल्या आजोबांच्या गावी, भंडाऱ्याकडे, सगळे तसंच म्हणतात. तुझ्या थान्यातला राजीनामा, दोन बाजूंनी सही करून भांडण मिटवायचा, तो मी केलेला नाही. मी थान्याची पायरी चढलेले नाही. तुझी रिपोर्ट आहे तशी आहे. जाऊन मुंशीला विचार.

चूक माझी आहे. मी मराठी शाळेत शिकले, कॉलेजात मराठी घेतली. तू हिंदीत शिकलास आणि रोज थान्या-कचेरीचे कागद लिहितोस, हे मला माहीत होतं. तरी मी लिहिताना माझ्यासारख्याच कोणाला तरी लिहीत होते.

पण त्या पत्रात शब्दापेक्षा मोठी लबाडी होती. ती आता सांगते.

"मी तुझा नंबर कोणाला दिला नाही" हे वाक्य मी फार जपून लिहिलं होतं. दिला नाही, हे खरं. पण दोन तारखेला, काकू गेल्यावर, कमलिनीबाई मोबाइल घेऊन टेबलाशी आल्या. "दीदी, ऊपर प्रोग्रेस भेजना है, रजिस्टर का फोटो ले लूँ?" त्यांना तो हक्क नाही हे मला माहीत होतं. रोज पाणी आणून देणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं, असं मनात आलं. त्यांनी फोटो काढले. पंखा चालू होता, पान उडत होतं, म्हणून मी ते हाताने दाबून धरलं. फोटोत माझी बोटं आली असतील. शेवटच्या पानावर शेवटचं नाव मोनाचं होतं आणि तिच्यापुढे तुझा नंबर.

म्हणून मी नोकरी सोडली. बाणेदारपणा म्हणून नाही. कोणी विचारायच्या आत निघून जावं, असं वाटलं. आणि तुला लिहिताना त्यालाच मी चांगलं रूप दिलं.

आता तुझ्या कागदाबद्दल. त्या नोंदवहीत तीनशे बारा मुलं आहेत. शंभरेक कार्डं छापून आली, बाकीची यायची आहेत. वहीबद्दल लेखी तक्रार गेली तर चौकशी होईपर्यंत त्या वहीतले सगळे फॉर्म बाजूला ठेवायचे, असा नियम आहे. त्यात आचारसंहिता लागली तर निवडणुकीनंतरच. कॅम्प वस्तीतली एक बाई आहे, तिच्या मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्याचंही कार्ड यायचं आहे. आणि मोनाचं.

पण उलट बाजूही आहे, आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही. त्या तीनशे बारा घरांचे नंबर गेले आहेत. त्यांतले काही तुझ्यासारखेच न विचारता मेंबर झाले असतील. त्यांना मी काहीच कळवलेलं नाही. मुलांच्या आड लपून मी स्वतःला वाचवते आहे का? रोज सकाळी याचं उत्तर वेगळं येतं.

म्हणून तुला विचारते, आणि खरं सांग. हा कागद तुला हवा आहे की सुखराम भैयांना? तुझं नाव साफ करायला हवा असेल तर ते एका ओळीत होतं. शिबिर बंद पाडायला हवा असेल तर तेही होतं. तुला त्यातलं काय हवं आहे ते मला तुझ्या पत्रावरून ओळखता येत नाही.

मोना कशी आहे? खरी कशी आहे ते लिही.

तुझी,
प्रेरणाताई


नंदिनी नगर
२७ डिसेंबर

ताई,
जय भीम.

थान्यात गेलो होतो. मुंशीले म्हनलं, माह्या केसमंदी राजीनामा लागला का? त्यानं फाइल पाहिली, काहीच नाही. मंग मी त्याले किस्सा सांगतला. तो पेन ठेवून हसाले लागला. म्हनते, "अरे महाराज, मराठी मा इस्तीफा ला राजीनामा कहिथें? त समझौता ला का कहिथें?"

मले शब्दच आठवला नाही, ताई. घरी येऊन आईले विचारलं. ते भाजी तोडून राहिली होती, वर न पाहता म्हने, "समेट." मी म्हनलं हे कवा आयकलं नाही. ते म्हने, "आपल्या घरात झाला कवा, तं आयकशील?"

आता माही बी एक गोष्ट आयक. घरच्या ग्रुपवरचा तुहा आवाज सुखराम भैयाले मीच पाठोला होता. हसाले म्हनून. मले वाटलं ते बी हसतील. त्याहीनं तो पुढं कोनाले देल्ला मले माहीत नाही. मंग तुह्यावर राग धरून बसलो, कावून का माहा राग माह्यावर होता. तू पान धरलं, मी बटन दाबलं.

तुही चिठ्ठी मी कोनालेच दाखवली नाही. सुखराम भैयानं स्वतः एक कागद टाइप करून आनला. तुह्या सहीसाठी. हिंदीत आहे. लिहिलं आहे का "मैं स्वीकार करती हूँ कि इस शिविर में एक भी फॉर्म सही नहीं भरा गया." मी म्हनलं, भैया, मोनाचा तं सही भरला आहे. ते म्हनतात, "मोना का बाद में देख लेंगे, पहले पार्टी का देखो." मी आईच्या तोंडाकडे पाहिलं. आई उठून आत गेली.

तो कागद तुले पाठवत नाही. फाडला बी नाही. उशीखाली आहे.

तू विचारलं कोनाले पाहिजे. मले असं पाहिजे का विहारासमोर कोनी म्हनावं, राजदीपनं पार्टी नाही सोडली, त्याले फसवलं. बस. पन अंगठा द्याले मी त्या भवनात चढलो तं सुखराम भैया म्हनतील, पाहा, गेला. फोटो काढतील. कमलिनीबाई बी काढतील, त्याहीच्या कामाचा. दोन्हीकडून मी फोटोतच.

मोना आता शाळेत जात नाही. संडासले जाऊन आली तरी बसते. रात्री मी तिच्या छातीवर हात ठेवतो तं आतमंदी कोनी पानी ओतून राहिल्यासारखं लागते.

मी येतो म्हनत नाही. येत नाही बी म्हनत नाही.

राजदीप


भिलाई
२९ डिसेंबर

प्रिय राजदीप,
जय भीम.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. काकू आज डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायला आल्या आहेत, साडेतीनच्या बसने परत जातील. त्यांच्याच हाती देते. त्यांना वाचता येतं, त्यांनी वाचलं तरी चालेल.

साक्षी सकाळी भेटली. उद्या दुपारी आचारसंहितेची घोषणा होईल असं वरून आलं आहे. खरं-खोटं माहीत नाही, पण आज माणूस येऊन बॅनरवरच्या फोटोचं माप घेऊन गेला, झाकायला किती कागद लागेल ते बघायला. म्हणजे खरं असावं. मशीन उद्या दुपारपर्यंतच चालेल.

तुझा कागद लिहिला आहे. सोबत वेगळ्या पानावर आहे, पण इथेही उतरवते, म्हणजे पान हरवलं तरी हे राहील.

"मी, प्रेरणा, बालकवच शिबिरात ऑपरेटर असताना २ डिसेंबर रोजी नोंदवहीच्या पानांचे फोटो कमलिनीबाई यांना माझ्यासमोर काढू दिले. त्यांना तो अधिकार नाही हे मला माहीत होते. पान मी स्वतः हाताने धरले. त्या पानांवरच्या लोकांचे नंबर त्यानंतर एका पक्षाच्या सदस्यतेसाठी वापरले गेले असे मला कळले आहे. माझा चुलतभाऊ राजदीप याने त्या पक्षाचे सदस्यत्व कधीही मागितले नव्हते. मी भरलेला प्रत्येक फॉर्म खरा आहे."

खाली सही आणि आजची तारीख.

शेवटचं वाक्य खोडायला सांगू नकोस. सुखराम भैयांच्या कागदावर मी सही करणार नाही, कारण ते खोटं आहे. या कागदावर केली, कारण हे खरं आहे. तो मराठीत आहे. त्यांना वाचून दाखवायचा असेल तर तूच दाखवशील, आणि शब्द तूच निवडशील.

काल माझ्या मनात होतं की तुला लिहावं, आधी अंगठा दे, मग कागद देते. अर्धं पत्र तसं लिहिलंही. मग वाटलं, सुखराम भैया तुला हेच सांगतात, फक्त क्रम उलटा. तुझ्या मुलीच्या हृदयावर मी माझी सही राखून ठेवू शकत नाही. म्हणून कागद आजच तुझ्या हातात देते, कोणतीही अट न घालता. आज संध्याकाळी तू तो सुखराम भैयांना दिलास तर उद्या सकाळी मशीन उघडणार नाही, मोनासाठीही नाही आणि बाकीच्यांसाठीही नाही. उद्या दुपारनंतर दिलास तर चौकशी होईल, माझी होईल, आणि ती व्हायला हवी. कधीच दिला नाहीस तर आठ दिवसांनी मी स्वतः वरच्या ऑफिसात नेऊन देईन, कारण त्या बाकीच्या घरांना कळायला हवं. एवढंच माझं ठरलं आहे. बाकी तुझं.

मला तुझा भरवसा वाटतो असं लिहिणार होते. लिहीत नाही, कारण मला तो आत्ता वाटत नाही. काकूंच्या पिशवीत पत्र घालतानाही मनात येतं की हे उद्या कोणाच्या तरी मोबाइलवर असेल. तरी देते.

फोटोची भीती आहे तर ऐक. भवनाला मागून दार आहे, पाण्याच्या टाकीकडून. पायऱ्या नाहीत, मोनाला चढावं लागणार नाही. साक्षीला सांगितलं आहे, ती कडी काढून ठेवेल. कमलिनीबाई पुढच्या दारी रांगेत असतात. पण मी तुझ्या जागी असते तर पुढच्याच दाराने गेले असते, असं वाटतं. मग आठवतं की मी तुझ्या जागी नाही.

खुशबूला सांग, तिच्या आधारचा फॉर्म मी आणून ठेवला आहे. त्याला निवडणूक आडवी येत नाही.

बस आली, काकू उठल्या. इथेच थांबते.

तुझी,
प्रेरणाताई

ता. क. : उद्या साडेआठपासून मी पाण्याच्या टाकीजवळ उभी राहीन.